रूममेटची गाडी, आमचं घर

बँकेतल्या बाईनं आमची फाइल उघडली, दोन-तीन पानं उलटली आणि परत मिटली. माझा नवरा तिच्या अगदी समोर बसला होता, कोट घालून, हात मांडीवर ठेवून. त्याच्याकडे न बघता ती मला म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचं क्रेडिट मार्जिनल आहे."

मार्जिनल म्हणजे काठावरचं. नापास नाही, पण पास करायचं तर कुणीतरी मनावर घ्यायला हवं. ही बाई मनावर घेणाऱ्यातली नाही, हे मला तिनं फाइल मिटली त्यावरूनच कळलं होतं. मी विचारलं, कशामुळे मार्जिनल? ती म्हणाली, ते मिस्टरांना माहीत असेल. मी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेमध्ये, एका घराच्या तळघरात भाड्यानं राहत होतो. विद्यापीठ जवळ असल्यानं असली तळघरं तिथे पुष्कळ होती. एक खोली, एक ओटा आणि छताला लागून एक आडवी खिडकी, जिच्यातून लोकांचे बूट दिसायचे. आमची मुलगी साडेतीन वर्षांची होती आणि थंडी सुरू झाली की खोकायला लागायची ती उन्हाळ्यापर्यंत. भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. डॉक्टर म्हणाला, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे घर बदला. वर राहणाऱ्या मालकिणीला मी भिंती दाखवल्या, तर ती म्हणाली की तुम्ही रोज तेलात काहीतरी जाळता, म्हणून भिंती ओल्या होतात.

नवरा नागपूरहून एम.एस. करायला आला होता. दुसऱ्या वर्षी त्याच्या प्रोफेसरकडचे पैसे संपले आणि याची असिस्टंटशिप गेली. मोठ्या भावानं अर्ज करून ठेवलेलं ग्रीन कार्ड त्याच सुमारास हातात आलं, तेव्हा हा सरळ जाऊन अमेरिकन सैन्यात भरती झाला. चार वर्षांसाठी. रेडिओ आणि वायरलेस दुरुस्त करण्याचं काम मिळालं. वर्षभरानं सुट्टी काढून तो नागपूरला आला, आमचं लग्न झालं आणि मी टेक्ससमधल्या एका लष्करी तळावर येऊन पडले. चार वर्षं पूर्ण झाल्यावर आम्ही पुन्हा न्यू जर्सीला आलो, आणि त्याला टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत टेक्निशियनची नोकरी लागली.

आमच्या मराठी मंडळात इंजिनियर होते, डॉक्टर होते, पीएच.डी. करणारी पोरं होती. सैन्यात जाऊन आलेला हा एकटा. गणपतीच्या जेवणात एखाद्या काकू हमखास विचारायच्या, "पण हे शिकायला आले होते ना?" असं विचारताना त्या ताटात आणखी एक पुरी वाढायच्या. जणू आमच्या घरी पुऱ्या होत नव्हत्या.

त्या चार वर्षांचा एकच फायदा आमच्या हाती होता. सैन्यातून नीट बाहेर पडलेल्या माणसाला सरकारच्या हमीवर घरासाठी कर्ज मिळायचं, आणि त्याला आधी एकरकमी काही भरावं लागायचं नाही. आमच्याकडे भरायला काही नव्हतंच. म्हणून घर घ्यायचं तर याच कर्जावर, नाहीतर तळघर.

आम्ही एक घर बघून ठेवलं होतं. बसकं, एकमजली, तीन छोट्या खोल्या, मागे थोडं अंगण. मालक म्हातारा होता, बायको वारलेली, मुलगा फ्लॉरिडात. आमच्या एजंटनं त्याला लष्करी कर्जाचं सांगितलं तेव्हा त्यानं दारातच हात वर केला. या कर्जाचा व्याजदर सरकार ठरवायचं आणि तो बाजारापेक्षा कमी असायचा. मधली तूट बँक घर विकणाऱ्याकडून काढून घ्यायची. त्यामुळे असलं गिऱ्हाईक कुणालाच नको असायचं. म्हाताऱ्यानं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कुठल्या आर्मीत होतास तू?"

"तुमच्याच," नवरा म्हणाला.

घर वसंतापासून विकायला काढलेलं होतं आणि आता पानगळ संपत आली होती. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तो एजंटला म्हणाला, सहा आठवडे देतो, एक दिवस जास्त नाही, आणि मी या घरात एक खिळाही ठोकणार नाही. आम्ही सही केली.

म्हणून आम्ही त्या बँकेत बसलो होतो. क्रेडिटचं नेमकं कारण सांगायच्या आधी बाईनं दुसराच कागद काढला. या कर्जात एक गोष्ट काटेकोर बघायचे, की महिन्याचा सगळा खर्च जाऊन घरात हातखर्चाला किती उरतं. तिनं बँकेच्या स्टेटमेंटवर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "हा दर महिन्याचा ड्राफ्ट कुणाला?"

मी म्हटलं, सासूबाईंना. नागपूरला.

"म्हणजे त्या तुमच्यावर अवलंबून आहेत?"

"त्या त्यांची आई आहेत."

"तसं काही कोर्टाचं किंवा सरकारी बंधन आहे का?"

मी सांगितलं की असलं बंधन आमच्याकडे कागदावर नसतं. ती म्हणाली की मग तो खर्च स्वतःहून केलेला आहे, आणि तो किती दिवस चालू राहील हे तिला कळायला हवं. मला राग आलाच होता. मी फणकाऱ्यानं म्हटलं की हा तर काहीच नाही, टेक्ससला असताना याच्या तिप्पट जायचे, तेव्हाही आम्ही जगलोच. बाईनं भुवया उंचावल्या आणि लिहून घेतलं. नवरा खाली बघून म्हणाला, "तेव्हाचं सोड."

मग तिनं क्रेडिटचा कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर एका गाडीचं कर्ज होतं. आमची ती गाडी कधीच नव्हती. हप्ते थकले होते, गाडी जप्त झाली होती, आणि उरलेली रक्कम तीन वर्षांत थोडी थोडी करून फेडलेली होती. शेवटचा हप्ता आम्ही टेक्सस सोडण्याच्या महिना-दीड महिना आधीचा. को-साइनर म्हणून नाव माझ्या नवऱ्याचं.

आम्ही पार्किंगमध्ये गेलो. गाडीत बसल्यावर त्यानं सगळं सांगितलं. विद्यार्थी असताना त्याच्या रूममेटला गाडी घ्यायची होती. त्याच्या नावावर कर्ज मिळेना, म्हणून यानं जामीन म्हणून सही केली. वर्षभरात रूममेट नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला आणि त्यानं हप्ते भरणं सोडून दिलं. तोवर हा सैन्यात पोचला होता. वसुलीची पत्रं जुन्या पत्त्यावर फिरत राहिली, आणि शेवटी जेव्हा ती तळावर आली तेव्हा साहेबानं याला बोलावून विचारलं की पैसे भरतोस की बाहेर जातोस. हा भरत राहिला.

"कुठून भरलेस?" मी विचारलं.

तो म्हणाला, "आईला पाठवतो म्हणून सांगायचो ना, त्यातून."

त्या तीन वर्षांचं मला काय आठवलं ते सांगते. बाळंतपणाच्या वेळी मला थंडीचा कोट नव्हता. सामानाच्या दुकानात मी अर्धा डझन अंडी मागायचे. आणि मी सासूबाईंवर जळत होते. इतके पैसे त्या बाईला लागतात कशाला, असं मी माझ्या आईला प्रत्येक पत्रात लिहायचे. एकदा सासूबाईंनीच पत्रात लिहिलं होतं की मुलानं लग्नानंतर हात आखडता घेतला आहे. मी ते वाचून म्हटलं होतं, किती खोटं बोलावं माणसानं. ते पत्र मी त्यालाच वाचून दाखवलं होतं. त्यानं ऐकून घेतलं होतं आणि जेवायला बसला होता.

त्या दिवशी मी त्याला गाडीतून उतरायला सांगितलं आणि एकटी घरी आले. तो दोन तासांनी चालत आला.

आणि रूममेट कोण? तो आमच्यापासून पंधरा मिनिटांवर राहत होता. परत न्यू जर्सीला येऊन मोठ्या कंपनीत मॅनेजर झाला होता. मंडळाचा खजिनदार होता. गणपतीत वर्गणीची पावती तो मला स्वतःच्या हातानं फाडून द्यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, सही बघून घ्या बरं का."

दोन दिवसांनी मी एकटीच बँकेत गेले. बाई म्हणाली, एकच रस्ता आहे. गाडी ज्याची होती त्यानं नोटरीसमोर लिहून द्यावं की गाडी तो वापरत होता, हप्ते त्यानं थकवले आणि तुमच्या मिस्टरांनी फेडले. शिवाय आमचं खुलाशाचं पत्र, वर्षभराच्या भाड्याचे वटलेले चेक आणि सासूबाईंबद्दल एक वेगळं पत्र. एवढं आणलं तर ती फाइल वर पाठवेल. माझा सल्ला विचाराल तर दोन वर्षं थांबा, असंही ती म्हणाली. मी तिचा सल्ला विचारला नव्हता.

नवरा रूममेटकडे जायला तयार होईना. म्हणाला, जुनी गोष्ट आहे, तेव्हा सगळ्यांचेच हाल होते, त्याला आता तोंडावर कसं विचारू. तीन वर्षं मला तोंडावर खोटं सांगताना त्याला काही अडचण आली नव्हती. तसं मी त्याला म्हटलं. रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो.

रूममेटनं दार उघडलं तेव्हा तो खूश दिसला. सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण होतं, त्यावर आम्ही बसलो. त्याची बायको आत स्वयंपाकघरात होती, मधे भिंत नव्हती, त्यामुळे तिला सगळं ऐकू जात होतं. माझ्या नवऱ्यानं हवापाण्याच्या गोष्टी सुरू केल्या. मी त्याला थांबवलं आणि कशासाठी आलो ते सांगितलं. घरून टाइप करून आणलेला कागद टेबलावर ठेवला.

रूममेटनं कागद हातात घेतला नाही. तो म्हणाला की हे त्याला आठवतसुद्धा नाही नीट. मग म्हणाला, आठवतं, पण गाडी वाईट निघाली होती. मग म्हणाला, माझ्या नवऱ्याला कुणी सही करायला जबरदस्ती केली नव्हती. शेवटी खरं कारण निघालं. त्याला स्वतःला बढती मिळायची होती, कंपनी सरकारी कंत्राटं करत होती, त्यासाठी चौकशी चालू होती, आणि असला कागद कुठे बाहेर पडला तर बरं दिसणार नव्हतं.

"वहिनी, त्यापेक्षा मी तुम्हाला काही मदत करतो ना," तो म्हणाला. "पाचशे डॉलर देतो. परत नका करू."

माझा नवरा उठून उभा राहिला. मी बसूनच राहिले. मी म्हटलं, "मुलीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणात मी ज्या पैशांसाठी अंडी मोजली ते पैसे तुम्ही गाडीत फिरवलेत. मी सासूला चोर ठरवलं तुमच्यापायी. मला तुमचे पाचशे नकोत, सही हवी आहे. नाहीतर गुढीपाडव्याच्या सभेत खजिनदाराचा अहवाल वाचून झाला की मी उभी राहीन."

मी तसं केलं असतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या क्षणी मात्र करणारच होते.

त्याची बायको बाहेर आली. हात पुसत आली. तिला मी गणपतीत बघितलं होतं, पण आमचं बोलणं कधी झालं नव्हतं. तिनं टेबलावरचा कागद उचलला आणि उभ्यानंच शेवटपर्यंत वाचला. तिलाही हे नवं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"लिहून द्या," ती नवऱ्याला म्हणाली. तो काहीतरी इंग्रजीत बोलायला लागला. ती मराठीतच म्हणाली, "लिहून द्या आणि विषय संपवा. मला या लोकांचं तोंड पुन्हा या घरात बघायचं नाही."

तिनं हे माझ्याकडे बघून म्हटलं. माझ्यावर उपकार करायचा तिचा काही विचार नव्हता. सोमवारी दुपारी ती स्वतः नवऱ्याला ऑफिसातून काढून नोटरीकडे घेऊन आली, त्यानं सही केली, नोटरीनं शिक्का मारला. तिनं कागद माझ्या हातात दिला नाही, काउंटरवर ठेवला. मी तो उचलला आणि बँकेत गेले. आभार मी मानले नाहीत. तिनं अपेक्षाही केली नसावी.

सासूबाईंना मी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. बँकेला हवं होतं ते वेगळं, हे वेगळं. काय झालं होतं ते सगळं लिहिलं आणि माझी चूक झाली असंही लिहिलं. त्यांचं उत्तर महिन्यानं आलं. गुडघे दुखतात, भाचीचं लग्न ठरलं, नातीचा फोटो पाठवा. बाकी कशाचा उल्लेख नव्हता. पुढे त्यांनी तो विषय कधीच काढला नाही, आणि मला त्याचा त्रास त्या भांडल्या असत्या तर झाला असता त्याहून जास्त झाला.

फाइल वर गेली. मग घर बघायला सरकारी मूल्यमापक आला. त्यानं किंमत ठीक ठरवली, पण दोन अटी घातल्या. बाहेरच्या खिडक्यांच्या चौकटींचा रंग पोपडे धरून सुटला होता, तो खरवडून नव्यानं द्यायचा, आणि मागच्या पायऱ्यांना कठडा बसवायचा. त्याशिवाय कर्ज नाही. म्हाताऱ्यानं एजंटला निरोप दिला की खिळा ठोकणार नाही म्हणजे नाही. एजंट म्हणाली, सहा आठवड्यांतले दहा दिवस उरलेत, काय करायचं तुम्ही बघा.

नवऱ्यानं कंपनीतून तीन दिवस सुट्टी घेतली आणि दुसऱ्याच्या घराला रंग द्यायला गेला. डिसेंबर लागला होता. त्या थंडीत रंग वाळत नव्हता. मी मुलीला शेजारणीकडे ठेवून दुपारी डबा घेऊन जायचे आणि दोन तास खरवडायचे. आमचं एकमेकांशी बोलणं जेमतेम चालू होतं: ब्रश दे, शिडी धर. म्हातारा आतून काचेमागे उभा राहून बघत असायचा. पाणीसुद्धा विचारलं नाही त्यानं. तिसऱ्या दिवशी बाहेर आला, चौकटीच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे राहिलंय."

नवऱ्यानं तिथे ब्रश फिरवला. म्हातारा म्हणाला की आर्मीत असताना रंगकाम त्यालाही करायला लावायचे, दगडांनासुद्धा. नवरा म्हणाला, आम्हालाही. बस, एवढंच. मला वाटलं आता हा जरा सैल होईल. तो आत गेला आणि त्यानं दाराला कडी लावली.

कर्ज मंजूर झालं. बाईनं फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात आनंद नव्हता, आणि मीही आनंद दाखवला नाही. वकिलाच्या टेबलाशी बसून आम्ही इतक्या सह्या केल्या की नवऱ्याची शेवटची सही पहिलीसारखी दिसत नव्हती. म्हाताऱ्यानं किल्ल्या टेबलावर टाकल्या. हात मिळवला नाही. आम्ही सरळ नव्या घरी गेलो. दुपारचे दोन वाजले होते, पण आभाळ भरून आलेलं, म्हणून मी दिव्याचं बटण दाबलं. काही झालं नाही. दुसऱ्या खोलीत दाबलं. म्हाताऱ्यानं घरातले सगळे बल्ब काढून नेले होते. न्हाणीघरातली टॉवेलची दांडीही नेली होती, भिंतीत चार भोकं ठेवून.

नवरा दांडीच्या जागेकडे बघून हसायला लागला. मला हसू आलं नाही. मी त्याला म्हटलं की यापुढे या घरात येणारं प्रत्येक पत्र मी फोडणार, बँकेचं, आईचं, कुणाचंही. तो म्हणाला, बरं. आणि ते मी पुढची बावीस वर्षं, आम्ही त्या घरात होतो तोवर, केलं.

मुलीचा खोकला त्या थंडीत पहिल्यांदा कमी झाला, आणि पुढच्या थंडीत आलाच नाही. रूममेटला बढती मिळाली. काही वर्षांनी ते दोघं पुरुष पुन्हा बोलायला लागले, क्रिकेटबद्दल वगैरे. मी त्या माणसाशी बोलले नाही. त्याची बायको कधी भारतीय दुकानात समोर आली तर आम्ही दोघी मान हलवायचो आणि आपापली सामानाची गाडी पुढे ढकलायचो.

घरात राहायला गेल्यावर दोन महिन्यांनी बँकेचं पत्र आलं. मीच फोडलं. आमचं कर्ज त्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीला विकलं होतं, यापुढे हप्ता तिकडे पाठवावा. मला काही कळेना. आमची एवढी झडती घेतली, सासूपर्यंत पोचले, आणि दोन महिन्यांत विकून मोकळे? मी बँकेत फोन लावून त्या बाईला मागितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, त्यांनी नोकरी सोडली, तुमचं काय काम होतं?

मी म्हटलं, काही नाही. फोन ठेवला आणि नव्या पत्त्यावर चेक लिहिला.